होडीतून आलेलं स्थळ

शनिवारी सकाळी चित्रा किचनमध्ये पुरण घोटत होती आणि बाहेर ड्राइव्हवेवर नंदकुमार होडीला अंघोळ घालत होता.

अगदी खरीखुरी अंघोळ हो! बादली, स्पंज, भांड्यांचा साबण, सगळं साग्रसंगीत. उन्हाळा संपला की ती हिरवी कनू गराजच्या छताला टांगायची आणि मे महिन्यापर्यंत तिचं नाव काढायचं नाही, ही त्या घरची रीत. आज तिला मुहूर्त लागला होता, आणि तोही नेमका मुलीच्या लग्नाची बोलणी व्हायच्या दिवशी.

"अहो!" चित्राने खिडकी सरकवली. "पाहुणे दोनला येणारेत. ती होडी कशाला काढलीत?"

"पाहुण्यांसाठीच!" नंदकुमार म्हणाला. "तू फक्त ओवाळणीचं ताट तयार ठेव. बाकी माझ्यावर सोड."

या वाक्याची त्या घरात सगळ्यांनी धास्ती घेतली होती. "बाकी माझ्यावर सोड" म्हटल्यावर ग्वेल्फला पुतण्याच्या, निमिषच्या मुंजीत मांडव उडून शेजाऱ्यांच्या स्विमिंग पूलमध्ये पडला होता. आणि गेल्या महिन्यात याच वाक्यावर मागच्या अंगणात हा एवढा लांबलचक खड्डा खणून झाला होता. कशासाठी? तर कमळांचं तळं. विनिपेगमध्ये! जिथे एप्रिलपर्यंत बर्फ शोव्हल करावं लागतं तिथे या माणसाला कमळं फुलवायची होती. कॉन्ट्रॅक्टर खड्डा खणून दुसऱ्या कामावर निघून गेला आणि परवाच्या पावसाने त्यात मस्त गुडघाभर चिखल झाला होता.

एरवी चित्राने हात टेकून सोडून दिलं असतं. आज तिचा जीव थाऱ्यावर नव्हता, आणि का नव्हता हे घरात फक्त तिला माहीत होतं.

झालं होतं असं. डॅनिलो मुलगा सोन्यासारखा. हायस्कूलमध्ये सुतारकाम शिकवायचा, हसताना कानापर्यंत लाल व्हायचा. पण आईबाप लवकर गेलेले, आजीने वाढवलेला, त्यामुळे त्याने पहिल्या दिवसापासून स्पष्ट सांगितलं होतं की आजीने हो म्हटल्याशिवाय लग्न नाही. ओल्हा आजी चौऱ्याऐंशी वर्षांची, युक्रेनहून लहानपणी इथे आलेली. तिने हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. एकदा गुडघा दुखतोय म्हणाली, एकदा कोबी मुरत घातलाय म्हणाली. शेवटी आजचा दिवस ठरला. आणि गुरुवारी ग्रोसरी घेऊन परतताना पार्किंग लॉटमध्ये ईशानीने गाडी सुरूच केली नाही. स्टिअरिंगकडे बघत म्हणाली, "आई, इफ शी सेज नो, आय ॲम टेकिंग द एडिनबरा जॉब. सोमवारपर्यंत सांगायचंय त्यांना. मी इथे राहून रोज त्याला कुठे ना कुठे बघू नाही शकत. डोन्ट टेल बाबा."

एकुलती एक मुलगी, त्यातून इतकी वर्षं हाताशी राहिलेली. एडिनबरा! तिकडे तर हाक मारली तरी मधे समुद्र.

"वहिनी, हा बघा." मिलिंदने तिच्या नाकासमोर फोन धरला. नंदकुमारचा हा धाकटा भाऊ ग्वेल्फला बियाणांवर संशोधन करून रिटायर झाला होता आणि अजूनही माणसं वाणावरून निवडायचा. "क्षितिज. मूळ नागपूरचा, आता किचनरला सॉफ्टवेअरमध्ये. उंच आहे, चष्मा नाही. नुसतं ईशानीच्या कानावर घालून ठेवा."

"मिलिंद, आज?" चित्राने झारा उगारला. "दोन तासांवर तिची बोलणी आहेत!"

"म्हणूनच म्हणतो. डॉक्टरेट झालेली आपली मुलगी, आणि तो सुतारकामाचा मास्तर! मी कुणाचं वाईट चिंतत नाही. ऑप्शन असावा."

"मे नों!" डायनिंग टेबलावरून सीमा कडाडली. दोघा भावांची सगळ्यात धाकटी बहीण, लव्हालला फार्मसी चालवून चालवून तिच्या मराठीत फ्रेंच मुरलं होतं. "माझ्या लग्नाच्या वेळी ल्यूकला बघून आपल्या अण्णांनी दार लावून घेतलं होतं, तेव्हा तू त्यांच्या मागेच उभा होतास. आता परत कडी लावायला आलास काय? तो फोन ठेव खिशात, नाहीतर मी पुरणात घालीन."

"तुझं नेहमी हेच. भाचीची बाजू घ्यायची आणि भावाला कंसमामा करायचं."

"भावाने व्हायचं नाही ना मग!"

दोघं गेल्या दिवाळीपासून फोनवरसुद्धा बोलत नव्हते. निदान भांडतायत तरी, असा विचार करून चित्राने पुरणात जायफळ किसलं.

तेवढ्यात नंदकुमार ओल्या पायांनी आत आला. त्याच्या काखेत एक भलं मोठं पुस्तक होतं. ते ईशानीच्या खोलीतलं होतं हे चित्राने लगेच ओळखलं. कीव्हच्या जुन्या राजांच्या बखरी हा ईशानीच्या अभ्यासाचा विषय. या पुस्तकात एका बखरीतली रंगीत चित्रं होती, आणि खाली अशा लिपीतला मजकूर की मुंग्या चालत गेल्यासारख्या वाटाव्यात.

"बसा," तो म्हणाला. "प्लॅन समजून घ्या. ओल्हा आजींचं नाव कुणावरून ठेवलंय? ओल्गा राणीवरून. हजार वर्षांपूर्वीची, रशियाची..."

"कीव्हची!" चित्रा आणि सीमा एका सुरात ओरडल्या.

"कीव्हची. तेच ते."

"तेच ते नाही हं दादा," सीमा म्हणाली. "त्या राजांवर दोन्ही देश हक्क सांगतात, आणि आजी युक्रेनच्या आहेत. गेल्या वेळी तू रशियन म्हणालास आणि त्या अर्धा तास गप्प बसल्या. ईशानीने काय सांगितलं होतं? पुरणपोळीला कुणी गुजराती म्हटलं तर चालेल का तुला?"

"कीव्हची म्हटलं ना! तर ही ओल्गा विधवा झाली. शेजारच्या राजाने तिला मागणी घालायला माणसं पाठवली. लग्नाची बोलणी! म्हणजे अगदी आपला आजचाच प्रसंग. आता हे बघा." त्याने पान उघडलं. "पाहुण्यांना होडीत बसवलंय आणि लोकांनी ती होडी खांद्यावर उचललीय. काय मान आहे बघा! हे अंगणातलं तळं. म्हणजे त्यांच्याकडेसुद्धा तळं असायचं, तुम्ही मलाच हसता. आणि पुढचं चित्र, पाहुण्यांसाठी न्हाणीघर तापवलंय. बाहेर जाळ बघा केवढा मोठा. मग पंगत."

"खाली काय लिहिलंय?" चित्राने विचारलं.

"ते मला कुठे वाचता येतंय?"

"मग ईशानीला विचारा ना."

"सरप्राइज आहे! आणि चित्रा, मी आयुष्यभर धरणांची ड्रॉइंग वाचलीत. ज्याला ड्रॉइंग कळतं त्याला मजकूर लागत नाही."

आता हे खरं होतं की या माणसाने कधी कुठल्या मशीनचं माहितीपत्रक वाचलं नव्हतं. फ्रीजपासून स्नोब्लोअरपर्यंत सगळं चित्रं बघून जोडलं, आणि दर वेळी दोनचार स्क्रू उरले. पण चित्राच्या मनात आलं, आजीला मान हवाय ना? मिळू दे बाई मान. होडीत बसवा, नाहीतर विमानात बसवा. म्हातारीच्या तोंडून एकदा हो येऊ दे.

"सौना तापवला?" तिने विचारलं.

"सकाळपासून!"

बेसमेंटमधला तो सौना, म्हणजे घाम काढायचं लाकडी न्हाणीघर, आधीच्या मालकाने बांधलेला. खांबेट्यांच्या घरात त्यात इतकी वर्षं फक्त कांदेबटाटे राहत होते. चित्राने ते घाईघाईने लाँड्रीत हलवले.

बरोबर दोन वाजता डॅनिलोची गाडी आली. ईशानी वर साडीच्या निऱ्यांशी झटत होती, आणि खाली येशील तर खबरदार, असं सीमाने तिला बजावलं होतं. ओल्हा आजी उतरली. चणीने एवढीशी, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेला घरी भाजलेला गोल पाव. डॅनिलो तिला त्यांच्या भाषेत 'बाबा' म्हणायचा, आणि पहिल्या भेटीत नंदकुमारने दोनदा 'ओ' दिली होती, म्हणून सगळ्यांनी ओल्हा आजीच ठरवून टाकलं होतं.

आजीने होडीकडे पाहिलं. होडीखाली आडव्या दोन मजबूत फळ्या, पट्ट्यांनी बांधलेल्या. आत चित्राची चांगली गोधडी अंथरलेली. दोन्ही बाजूंना झेंडूच्या माळा.

"प्लीज, आजी," नंदकुमार कमरेत वाकला. "बसा."

"मी? यात?" आजीचं इंग्रजी साफ होतं. "जायचं कुठे आहे?"

"मागच्या अंगणात. आम्ही तुम्हाला उचलून नेणार."

आजीने नातवाकडे पाहिलं. डॅनिलो तिच्या कानाशी लागला, पण चित्रा जवळच ताट घेऊन उभी होती, तिला ऐकू आलं. तो म्हणत होता, हिंदू प्रथा असेल, नवरीला पालखीतून नेतात ना तसं काहीतरी, नाही म्हटलं तर वाईट दिसेल.

म्हणजे बघा, यांना वाटलं त्यांची रीत, त्यांना वाटलं यांची रीत! आणि सगळे कॅनडात इतकी वर्षं राहिलेले, त्यामुळे एकमेकांच्या भावना जपण्यात पटाईत. कुणी तोंड उघडून विचारेल तर शपथ.

आजी बसली. पाव मांडीवर घेतला आणि रुमाल नीट केला. पुढे नंदकुमार आणि मिलिंद, मागे डॅनिलो आणि सीमा. "एक, दोन, तीन!" म्हणत होडी उचलली गेली. आजीचं वजन ते काय, पण मिलिंदने असा चेहरा केला जणू धान्याचं कोठार डोक्यावर घेतलंय.

"मिलिंद, तुझी बाजू खाली येतेय."

"माझी नाही, दादाची जास्त वर आहे!"

"सीमा, ढकलू नकोस गं!"

"मी ढकलत नाहीये, मी चालतेय!"

समोरच्या घरातलं जोडपं पोर्चवर येऊन फोनवर व्हिडिओ काढायला लागलं. आजीने त्यांना हात केला. तिला मजा वाटत होती! चित्राला इतकं हलकं वाटलं की ती ताट घेऊन होडीच्या बाजूने जवळजवळ नाचत चालली. एडिनबऱ्याला बसू दे बोंबलत, तिच्या मनात आलं. म्हातारी खुलली, आता काय राहिलंय?

होडी घराच्या कडेने वळून मागच्या अंगणात आली, आणि आजीला खड्डा दिसला.

तिचं हसू गेलं नाही, जिथल्या तिथे थांबलं. तिने खड्ड्याकडे पाहिलं, मग होडीकडे, मग खाली नंदकुमारच्या टकलाकडे.

"नँडी," ती म्हणाली, "हा खड्डा कशासाठी आहे?"

"तुमच्या परंपरेप्रमाणे!" नंदकुमार धापा टाकत अभिमानाने म्हणाला. "ओल्गा राणीच्या अंगणातल्यासारखा! मी सगळी चित्रं पाहिलीत."

"असं? मग न्हाणीघरही तापवलं असेल."

"सकाळपासून! तुम्ही कसं ओळखलंत?"

डॅनिलो मागे जागच्या जागी थबकला. "वेट. धिस इजन्ट अ हिंदू थिंग?"

"हिंदू? अरे, इट्स युअर थिंग!"

वर डेकचं दार धाडकन उघडलं. ईशानी बाहेर आली, एका हातात निऱ्या, दुसऱ्या हातात पदर. तिने होडी पाहिली, होडीतली आजी पाहिली, खड्डा पाहिला आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

"बाबा! व्हॉट आर यू डूइंग? पुट हर डाऊन! नो, नो, नॉट देअर! नॉट इन द पिट!"

चौघंही एकदम दचकले. मिलिंद खड्ड्याच्या बाजूला होता. त्याचा पाय काठावरच्या ओल्या मातीवर पडला, माती सुटली, आणि भारदस्त मिलिंद खांबेटे, पीएचडी, बसल्या बैठकीला खड्ड्यात गेले.

होडीचं नाक कललं. चित्राने ताट टाकलं. निरांजन, कुंकू, सुपारी सगळं चिखलात, आणि तिने मिलिंदच्या जागी आपला खांदा दिला. साठी उलटलेली बाई, पाठदुखीसाठी रोज पट्टा लावणारी! पण त्या क्षणी तिला पट्टाही आठवला नाही आणि पाठही. "सोडायची नाही!" ती ओरडली. "काही झालं तरी म्हातारी सोडायची नाही!" आणि लटपटत, एकमेकांवर खेकसत त्यांनी ती होडी डेकच्या कडेला टेकवली.

आजीच्या हातातला पावसुद्धा हलला नव्हता.

"मी ठीक आहे," खड्ड्यातून मिलिंदचा आवाज आला. कुणी विचारलंच नव्हतं.

पहिली उडी मारली डॅनिलोने. इस्त्रीच्या शर्टासकट. मिलिंदच्या काखेत हात घालून तो त्याला उपसू लागला, आणि त्याला उपसता उपसता स्वतः आणखी रुतू लागला. आजी होडीच्या कडेवरून वाकली. खाली चिखलात बसलेल्या मिलिंदकडे बघत तिने गंभीरपणे विचारलं, "कसा काय वाटला मान? आवडला ना?"

आणि ईशानीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. निऱ्या सुटल्या त्या सुटल्याच.

कारण ओल्गा राणीने नेमकं हेच विचारलं होतं. ईशानीने मग आत डायनिंग टेबलाशी, परकर-ब्लाउजवर सीमाची शाल लपेटून, सगळं सांगितलं. ओल्गाच्या नवऱ्याला ज्या टोळीने मारलं, त्याच टोळीने तिला आपल्या राजासाठी मागणी घातली. तिने पाहुण्यांना मानाने होडीत बसवून आणवलं आणि होडीसकट अंगणातल्या खड्ड्यात टाकलं. मग काठावरून वाकून विचारलं, मान आवडला का. आणि वर माती लोटली. दुसरे पाहुणे आले, त्यांच्यासाठी न्हाणीघर तापवलं, बाहेरून कडी लावली आणि पेटवून दिलं.

"आणि पंगत?" नंदकुमारने बारीक आवाजात विचारलं.

"पंगतीत उरलेले मारले, बाबा."

मिलिंद आणि डॅनिलो खाली बेसमेंटमध्ये गेले होते. इतक्या चिखलात आणि थंडीत त्यांना दुसरीकडे कुठे पाठवणार, सौना तापलेलाच होता. नंदकुमार हातांची घडी घालून उभा होता, शाळेत वर्गाबाहेर काढल्यासारखा. चित्राला त्याचा राग आला, कीव आली, आणि मग नुसतं रडू आलं. झालं, तिला वाटलं. एका चौऱ्याऐंशी वर्षांच्या पाहुणीला आपण घरी बोलावून, माळा घालून, मारायला नेलं. आता ही कशाला हो म्हणतेय? ईशानी सोमवारी कळवणार, आणि आपण आयुष्यभर फोनच्या स्क्रीनवर मुलीला बघणार.

"आजी," ती कसंबसं म्हणाली, "माझ्या नवऱ्याला खरंच माहीत नव्हतं हो. तो वाचत नाही, नुसती चित्रं बघतो. पण मनाने फार चांगला आहे."

"ते मला समजलं," आजी म्हणाली. चहाचा घोट घेतला. कप खाली ठेवला. "मी आज नाही म्हणायला आले होते."

ईशानीने मान खाली घातली. चित्राने टेबलाखालून तिचा हात धरला.

"पाव त्यासाठीच भाजला. रिकाम्या हाताने येऊन नाही म्हणणं बरं दिसत नाही." आजी सावकाश बोलत होती, पाठ करून आल्यासारखी. "डॅनिलो सांगायचा, वडील इंजिनियर, काका सायंटिस्ट, आत्याची फार्मसी, मुलगी तर डॉक्टर. मला वाटलं, यांच्याकडे सगळं जागच्या जागी असणार. अशा घरात म्हातारीला एक बरीशी खुर्ची देतात. सणाला बोलावतात, फोटो काढतात आणि घरी सोडून येतात. मग हळूहळू मुलगाही तिकडचाच होतो. माझ्याकडे हा एकच आहे. नवरा पुरला, मुलगा पुरला, सून पुरली. मी म्हटलं, याला का देऊ?"

हे तर चित्राचंच मन होतं. तिच्याकडेही एकच होती.

तेवढ्यात बेसमेंटमधून हसण्याचा गडगडाट झाला आणि पाठोपाठ मिलिंदची आरोळी आली, "वहिनी! जावयाला टॉवेल द्या! आणि कांद्याचा असा वास सुटलाय, जरा भजी टाका की!"

सीमा खुर्चीतच उडाली. "जावयाला? मों द्यू! आत्ता काय म्हणाला हा? जावयाला?"

"काय म्हणाला?" आजीने विचारलं.

"डॅनिलोला त्याने घरचा जावई म्हटलं," सीमा डोळे पुसत म्हणाली. ती हसत होती की रडत होती हे तिलाच ठाऊक. "आजी, याच माणसाच्या फोनमध्ये ईशानीसाठी दुसऱ्या मुलाचा फोटो आहे. सकाळी मी तो फोन पुरणात बुडवणार होते."

"सीमा!" चित्रा किंचाळली.

पण आजीचे खांदे हलायला लागले. आधी नुसतेच खांदे, मग रुमालाची गाठ, मग ती टेबलावर हात आपटून हसायला लागली. तिला ठसका लागला तेव्हा नंदकुमार पाणी घेऊन धावला आणि अर्धं तिच्या बाहीवर सांडलं. आजीने ते झटकलं, ईशानीचा हात चित्राच्या हातातून सरळ काढून आपल्या हातात घेतला आणि स्वतःच्या भाषेत एक वाक्य म्हटलं. संथ, जुन्या चालीत.

ईशानीने एकदम मान वर केली.

"काय म्हणाल्या?" चित्राने विचारलं. "अगं, काय म्हणाल्या? सांग ना गं!"

ईशानी चित्राशी नेहमी अर्धंमुर्धं इंग्रजीच बोलायची. आता मात्र मराठीत बोलली, एकेक शब्द जपून. "आई, बखरीच्या सुरुवातीचं आहे हे. ओल्गाचा सासरा होता ना, रूरिक, त्याच्या वेळचं. तिथले लोक आपसात भांडून भांडून दमले. मग समुद्रापलीकडे गेले आणि रूरिकला आणि त्याच्या भावांना म्हणाले, आमचा देश मोठा आहे, तिथे सगळं भरपूर आहे, पण कसलीच व्यवस्था नाही. तुम्ही या, आणि आमच्यावर राज्य करा."

"माझं घर मोठं आहे," आजी इंग्रजीत म्हणाली. "बेसमेंटभर लोणच्याच्या बरण्या आहेत. व्यवस्था काही नाही, पंधरा वर्षांत कुणी पडदेसुद्धा धुतले नाहीत. इथे आले नि बघितलं, तुमच्याकडेही नाही. मला भीती वाटत होती ती गेली." तिने ईशानीचा हात दाबला. "ये. राज्य कर."

चित्राला हुंदका फुटला. पण ईशानी, बाई गं, अजून उत्तर देईना! ती आजीकडे बघत होती, डोळे भरलेले, आणि तिच्या तोंडावर तो चेहरा आला जो लहानपणी वादात मुद्दा सापडला की यायचा.

"आजी, पण ते राजे एकटे नव्हते आले," ती म्हणाली. "बखरीत लिहिलंय. सगळं गणगोत बरोबर घेऊन आले होते."

जिन्यावर पावलं वाजली. मिलिंद वर आला, अंगात चित्राचा गुलाबी बाथरोब, केसांत अजून चिखल. मागे डॅनिलो, नंदकुमारचं गणपतीचं सोवळं कसंतरी कमरेला गुंडाळून, टोमॅटोसारखा लाल. मिलिंदने त्याच्या खांद्यावर हात टाकला होता आणि तो त्याला कांद्याच्या बियाणाबद्दल काहीतरी सांगत होता. सीमा म्हणाली, सोवळं असं नेसतात होय, आण इकडे. नंदकुमार फडक्याने टेबल पुसायला गेला आणि त्याने चहाचा कप पाडला.

ओल्हा आजीने त्या सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि मोठा सुस्कारा सोडला.

"ते मला दिसतंय," ती म्हणाली. "सगळ्यांना घेऊन ये."

"म्हणजे हो?" चित्राने विचारलं. "आजी, म्हणजे हो म्हणालात ना?"

"हो," आजी म्हणाली. "हो, हो, हो."

मग जो काही गलका झाला तो विचारू नका. डॅनिलोला नक्की काय झालं ते कळायच्या आतच ईशानीने त्याच्या गळ्यात हात टाकले, सोवळं सुटायला आलं, सीमा "आत्तंसियों!" म्हणून ओरडली, आणि नंदकुमार सगळ्यांचे हात हलवत सुटला, स्वतःच्या भावाचासुद्धा. "साखर!" कुणीतरी म्हणालं. "अरे, तोंड गोड करा आधी!"

चित्रा ओट्याकडे धावली. साखरेचा डबा समोरच होता, तरी तिने दोन कपाटं उघडली. झाकण काही केल्या निघेना. शेवटी ते निघालं, अर्धी साखर ओट्यावर सांडली. बोटांत चिमूटभर धरून ती वळली, आजीला द्यायची का ईशानीला का डॅनिलोला, पहिला मान कुणाचा, तिला काही म्हणता काही आठवेना. सगळे तिच्याकडे तोंड उघडून बघत होते.

तिने ती साखर स्वतःच खाऊन टाकली.